तिचा पेपर

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या शाळेत शिपायापासून संस्थेच्या संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. केडगावला माहेरी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड म्हणून नाही. पण त्या मुलीच्या बाबतीत पहिलं वर्षभर हेच तोंड गप्प बसलं होतं. ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या भांडणांबद्दल कुणी माझी आरती ओवाळायला नको.

आमची शाळा शेवगावपासून थोडी आत, पाचवी ते दहावी. मी मराठी शिकवते. ती मुलगी आठवीला आली तेव्हा दाखल्यासोबत जिल्हा रुग्णालयाचं प्रमाणपत्र होतं, त्यावर सेरेब्रल पाल्सी असं लिहिलेलं. जन्मताना मेंदूला इजा झालेली. उजवा हात कोपरात दुमडून छातीशी धरलेला, बोटं आवळलेली, एक पाय ओढत चालायची. पेन हातात राहायचं नाही. बोलताना एकेक शब्द घशातून ओढून काढावा लागायचा आणि त्यातला अर्धा तोंडातच राहायचा. लाळ पुसायला आईनं युनिफॉर्मला पिनेनं रुमाल लावून दिलेला. हजेरीला ती 'हजर' म्हणायची ते आम्हाला कळायचं, कारण तिचं नाव घेतल्यावर दुसरं काय म्हणणार. बाकीचं कळायचं नाही, आणि कळून घ्यायची तसदी कुणी घेतली नाही.

आम्ही तिला सांभाळून घेतलं. हा आमच्याकडचा लाडका शब्द आहे. पोरगं कमी ऐकतं, सांभाळून घ्या. पोरीला वाचता येत नाही, सांभाळून घ्या. म्हणजे काय करायचं, तर पंख्याखाली बसवायचं, प्रश्न विचारायचा नाही आणि चाचणीत 'तोंडी परीक्षा घेतली' असं लिहून पुढं ढकलायचं. तालुक्याचे विशेष शिक्षक महिन्यातून एकदा यायचे. त्यांच्याकडे इतक्या शाळा की बिचारे फॉर्म भरून, चार सूचना देऊन पुढची गाडी गाठायचे. ते दर वेळी सांगून जायचे, बाई, तिला वेळ द्या, ती बोलेल. मी मान हलवायची आणि पंचेचाळीस जणांच्या वर्गात वेळ कुठून आणू म्हणून विसरून जायची.

नववीत असताना एकदा निबंधाचा तास चालला होता. विषय गावचा आठवडे बाजार. मी तोंडी विचारत होते, बाजारात तुम्हाला काय काय दिसतं. तिनं डावा हात वर केला. मी म्हटलं, असू दे गं, राहू दे. तास संपेपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मी व्याकरण घेत होते तरी हात वर. तिसऱ्या दिवशीही. मग माझंच डोकं फिरलं. तिच्या बाकाजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, बोल बाई, एकदा काय ते बोलून टाक. तिला तीन वाक्यं बोलायला पाच मिनिटं लागली. वर्ग खिदळत होता, त्यांच्यावर एकदा डोळे वटारले. ती जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय:

"बाजारात लोक शेळीचे दात बघत्यात. माझे पाय बघत्यात. शेळीचा निदान भाव तरी करत्यात."

मी बाकावर बसूनच राहिले. वीस वर्षं निबंध तपासतेय, सगळ्या पोरांच्या बाजारात हिरव्यागार भाज्या आणि गजबज. असलं वाक्य एकानंही लिहून दिलं नव्हतं. आणि हिला मी वर्षभर 'असू दे' म्हणत होते. लाज वाटली, खरंच लाज वाटली. स्वतःचाच इतका राग आला की पुढचा तास मी पोरांवर उगाचच ओरडत राहिले.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ बसायची. हळूहळू तिचं बोलणं माझ्या कानात बसायला लागलं. सगळं नाही, पण बरंचसं. धडे तिला ऐकून पाठ होते. एखाद्या सरांनी तिमाहीत काय चुकीचं शिकवलं होतं, तेही तिच्या लक्षात होतं. खट अशी की मलाच म्हणाली, बाई, तुमी शिकवताना 'म्हणजे' लई वेळा म्हनता.

नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांनी तिच्या आईला बोलावून घेतलं. आता सर काही राक्षस नाहीत. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून ही शाळा त्यांनी उभी केली, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. पण गेटवर दहावीचा निकाल शंभर टक्के असा फलक लागतो, त्यावर त्यांचा जीव. आमच्याकडे आणि आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी एक रीत पडून गेलीय. नववीत जे पोरगं दहावीला गचकेल असं वाटतं, त्याच्या पालकांना गोड बोलून दाखला द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचं. म्हणजे ते बाहेरून परीक्षेला बसतं, नापास झालं तरी शाळेच्या निकालात येत नाही. सर तिच्या आईला तेच समजावत होते, पोरीला दगदग नको, घरी राहील, निवांत अभ्यास करील. आई बिचारी पदराचं टोक बोटाला गुंडाळत व्हय व्हय म्हणत होती. मुलगी शेजारी उभी. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी वह्यांचा गठ्ठा घेऊन आत गेले होते, तो टेबलावर आपटला. म्हटलं, सर, ही शाळा सोडणार नाही. सर म्हणाले, बाई, तुम्ही मध्ये पडू नका. मी म्हटलं, पडले. त्या दिवशी आमची अर्धा तास जुंपली. शिपाई दाराबाहेर पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळत उभा राहिला. शेवटी सर वैतागून म्हणाले, ठीक आहे, दहावीला बसवा, पण हिच्या पास होण्याची जबाबदारी तुमची. मी तिथल्या तिथं हो म्हटलं. पुढं जी चूक केली तिचं मूळ त्या 'हो'त होतं.

बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना लेखनिक मिळतो. म्हणजे मूल तोंडानं उत्तर सांगतं आणि खालच्या वर्गातलं कुणीतरी ते लिहून काढतं. वेळही वाढवून देतात. पण लेखनिक निवडायची आमची पद्धत अशी की नववीतलं सगळ्यात हुशार पोरगं उचलायचं. तोंडानं कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं की उत्तरं ते पोरगंच लिहिणार. शेजारी बसलेलं मूल तीन-चार तास खिडकीबाहेर बघतं आणि पास होतं. सगळे खूश. यात कुणाला पाप वाटत नाही, उलट पुण्यच वाटतं.

मीही तेच केलं. नववीत पहिल्या नंबरची एक मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. तिला बाजूला घेऊन म्हटलं, जरा सांभाळून घे हं. परवानगीचा अर्ज भरला, तिचा फोटो लावला, बोर्डाकडं पाठवला. आणि जानेवारीतल्या सराव परीक्षेला तिलाच लिहायला बसवलं.

मराठीचा पेपर मीच तपासला. ऐंशीपैकी त्र्याहत्तर. निबंधाला तीन विषय दिले होते, त्यातला एक मी मुद्दाम घातलेला, आठवडे बाजार. उघडला तर काय, 'ताज्या टवटवीत भाज्या पाहून मन प्रसन्न होते.' पानभर मन प्रसन्न. शेळीचा पत्ता नाही. दुसऱ्या ओळीलाच मला कळलं की हे तिचं नाही. आणि कळूनसुद्धा मी त्याला आठपैकी सात मार्क दिले. कारण पास होण्याची जबाबदारी माझी होती ना.

वर्गात पेपर वाटले. तिचं नाव घेतलं, ती उठली नाही. दुसऱ्यांदा घेतलं. मग मीच पेपर घेऊन बाकाजवळ गेले, हसून म्हटलं, अगं त्र्याहत्तर पडलेत. तिनं पेपरकडं बघितलं नाही. डाव्या हातानं तो माझ्याकडं परत सरकवला.

"त्यो पेपर माझा न्हाई, बाई."

ओरडली नाही, रडली नाही. आधीच तिला बोलायला वेळ लागतो, त्यातून हे तिनं इतकं सावकाश सांगितलं की पहिल्या दोन रांगांना स्पष्ट ऐकू गेलं. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. जिनं भर वर्गात तीन दिवस हात वर धरून मला आपलं बोलणं ऐकायला लावलं, तिचं तोंड मी स्वतः दाबलं होतं, तेही चांगल्या अक्षरात.

नववीतल्या त्या हुशार मुलीला मी काही बोलले नाही. तिचा काय दोष. ती म्हणाली, बाई, ताई काय म्हणतेय ते मला कळतच नव्हतं, तीन वेळा विचारलं, चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, मग तुम्ही सांगितलं होतं तसं सांभाळून घेतलं. मी तिची माफी मागितली. शिक्षकानं नववीतल्या पोरीची माफी मागितली म्हणून स्टाफरूममध्ये नंतर बराच हशा झाला. हसा म्हटलं, काय हसायचंय ते.

आता तिचं बोलणं समजणारा लेखनिक आणायचा कुठून? बोर्डाच्या परीक्षेला जेमतेम सहा आठवडे राहिलेले. मी स्वतः लिहून देऊ शकत नाही, तिची बाकशेजारीण दहावीतलीच म्हणून चालत नाही. दोन दिवस डोकं पिकलं. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी फाटकाशी उभी होते. रिक्षात सात-आठ पोरी कोंबून बसलेल्या, त्यात ही. ती काहीतरी लांबलचक बोलली आणि तिच्या मांडीला मांडी लावून बसलेली आठवीतली एक पोरगी खो खो हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी जवळ जाऊन विचारलं, काय म्हणाली गं ती? पोरगी गोरीमोरी झाली. मी दरडावल्यावर म्हणाली, बाई, ती म्हन्ती का मराठीच्या बाई चालत्यात तव्हा वाटतं कुनाला तरी हाणायलाच निघाल्यात.

तिचं बोलणं मला कळायला वर्ष लागलं होतं, आणि या पोरीला धावत्या रिक्षात, इंजिनाच्या आवाजात सगळं ऐकू येत होतं. तीन वर्षं दोघी रोज शेजारी बसून यायच्या. मी तिथंच ठरवलं.

ही आठवीतली पोरगी अभ्यासात यथातथाच. कशीबशी काठावर पास होणारी, अक्षर कोंबडीचे पाय. पण तिला जे सांगाल ते ती लिहायची, वर एक शब्द नाही, खाली एक शब्द नाही. दहावीच्या प्रश्नांची स्वतःची उत्तरं तिच्या डोक्यात नव्हतीच. मधल्या सुट्टीत दोघींना बसवून बघितलं. मोठी सांगतेय, धाकटी लिहितेय, मध्येच थांबून विचारतेय, 'परत बोल'. विचारायची तिला लाज नव्हती. मोठीही सात वेळा बोलायला कंटाळायची नाही. लिहून झालं की धाकटी वाचून दाखवायची, मोठी मान हलवायची, नाहीतर म्हणायची, खोड. त्या दिवशी घरी जाताना मी भर रस्त्यात एकटीच हसत होते.

लेखनिक बदलायचा नवा अर्ज घेऊन सरांकडे गेले. त्यावर त्यांची सही लागते. सरांनी आठवीतल्या पोरीचा सहामाहीचा निकाल मागवून घेतला, वाचला आणि चष्मा काढला. म्हणाले, बाई, ही स्वतः पास होते का बघा आधी. आहे ती लेखनिक असताना हा उपद्व्याप कशाला? त्या मुलीचं आयुष्य आहे, तुमची हौस नाही. पोरगी नापास झाली तर तिच्या आईला काय सांगाल? शाळेचा निकाल जाईल तो वेगळाच.

खरं सांगू, त्यातला आईचा प्रश्न माझ्या काळजाला लागला. ती खरंच नापास झाली असती तर? रात्रभर झोप लागली नाही असं काही म्हणत नाही, मी झोपते गाढ. पण सकाळी मुलीला आणि तिच्या आईला बोलावून विचारलं, सगळं उघड करून. जुनी लेखनिक घेतलीस तर नक्की पास होशील, नवी घेतलीस तर काय होईल ते मला सांगता येत नाही. आई लेकीकडं बघायला लागली. लेक म्हणाली, नापास झाले तर मी झाले. आईनं तिचा रुमाल सरळ केला आणि मला म्हणाली, तिला कळतंय बाई, तिच्याच मनानं हू द्या.

मी पुन्हा ऑफिसात गेले ती दोन कागद घेऊन. एक लेखनिक बदलायचा अर्ज. दुसरं माझ्या हातचं पत्र, बोर्डाच्या नावानं, की सराव परीक्षेत या विद्यार्थिनीचा पेपर लेखनिकानं स्वतःच्या मनानं लिहिला, मी विषय शिक्षक या नात्यानं तसं सुचवलं होतं आणि माहीत असून मार्क दिले, तरी होईल ती कारवाई मला मान्य आहे. खाली माझी सही. दोन्ही कागद सरांसमोर शेजारी शेजारी ठेवले.

"सर, यातला एक आज बोर्डाला जाणार. कुठला ते तुम्ही ठरवा."

सरांनी दुसरा कागद दोनदा वाचला. म्हणाले, तुमची नोकरी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे, शेवगावात शिकवण्या घेईन. बराच वेळ सर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मग पहिल्या कागदावर सही केली आणि तो माझ्या अंगावर टाकल्यासारखा पुढं केला. मार्चपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंही धड बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

परीक्षेचं केंद्र शेवगावला होतं. तिला तळमजल्यावर वेगळी खोली, धाकटी लिहायला, एक वयस्कर पर्यवेक्षक. मराठीच्या पेपरला मी रस्त्यापलीकडं रसवंतीच्या बाकावर बसून होते. सगळी पोरं बाहेर पडली, गर्दी पांगली, त्यानंतर तासाभरानं या दोघी आल्या. मोठीचा रुमाल चिंब, धाकटीची बोटं शाईनं बरबटलेली. मी विचारायच्या आत धाकटीनं सांगितलं. एका रिकाम्या जागेचं उत्तर हिला येत नव्हतं. पर्यवेक्षकांना दया आली, त्यांनी हळूच सांगून टाकलं. मास्तरांनीच सांगितलं म्हणून धाकटीनं घाबरून लिहिलं. तर हिनं बाकावर मूठ आपटली आणि म्हणाली, खोड. ते म्हणाले, अगं, मार्क जाईल. ही पुन्हा म्हणाली, खोड. धाकटीनं खोडलं.

मी आम्हा तिघींना रस घेतला.

निकाल लागला. मराठीत चव्वेचाळीस. सगळ्या विषयांत पास, एखाद-दुसऱ्यात अगदी कडेकडेनं. फलक शंभर टक्क्यांचाच लागला. सर पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आले, त्या दिवशी माझ्याशी आपण होऊन बोलले. म्हणाले, बाई, पास झाली, आनंद आहे. पण त्या हुशार मुलीनं लिहिलं असतं तर सत्तरच्या खाली आली नसती. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, सत्तर त्या मुलीला पडले असते, सर. हिला भोपळाच.

आठवड्याभरानं ती आईबरोबर शाळेत आली. तिला मराठीच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स हवी होती. बोर्डाकडं तसा अर्ज करता येतो, लोक मार्क वाढवून घ्यायला करतात. क्लार्कनं विचारलं, किती वाढतील असं वाटतंय? आईनं सांगितलं, वाढवायचे न्हाईत, तिला पेपर घरी पायजे. क्लार्क माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, भरा अर्ज, बघता काय.

झेरॉक्स आली तेव्हा तिनं ती मला वाचून दाखवायला सांगितली. स्टाफरूममध्ये ती खुर्चीवर बसली, मी शेजारी. कोंबडीचे पाय वाचता वाचता माझे डोळे दुखले. रिकाम्या जागेतला खोडलेला शब्द होता, आडव्या दोन रेघा मारलेला. तपासणाऱ्यानं तिथं शून्य दिलेलं. निबंधाच्या जागी प्रसंगलेखन होतं, शाळेचा निरोप समारंभ. तेवढ्यात सर चहाचा कप घेऊन आत आले आणि दाराशीच थांबले. मी आवाज कमी केला नाही. पहिली ओळ वाचली:

"शाळेनं मला निरोप नववीतच दिला हुता. मी गेले न्हाई."

सरांचा कप बशीवर वाजला. त्यांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली, मी वाचली. मग ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, हे कुणी लिहिलंय? त्यांना वाटलं असणार, असलं तोंड या शाळेत मला एकटीलाच आहे.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिनं डावा हात वर केला होता. मी गप्प बसले. तिनं मान ताठ केली, घशातून शब्द ओढून वर आणला आणि सरांकडं बघत म्हणाली, "मी."

सरांनी ती काय म्हणाली ते मला विचारलं नाही.